शेतातला वाटा घ्यावा का? अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

फेब्रुवारीत दारात गुडघाभर बर्फ असतं आणि नेमकी तेव्हाच इथल्या शेतांच्या भाजीच्या वाट्याची नोंदणी सुरू होते: आधी पैसे भरायचे, मग हंगामभर दर आठवड्याला भाजी आणायची. ग्रंथालयाच्या फळ्यावर पत्रक लागतं, त्यावर रसरशीत टोमॅटोंचा फोटो. शेजारीण सांगते, 'आम्ही दरवर्षी घेतो.' आपण आधीच ताज्या भाजीला आसुसलेले, त्यात तो फोटो. कार्डाचा नंबर टाकून मोकळे होतो. मीही तेच केलं. बॉस्टनच्या पश्चिमेला राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी पूर्ण वाटा घेतला. घरात दोन मोठी माणसं आणि वरणभाताशिवाय कशाला हात न लावणारं एक पोर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रिजचा खालचा खण उघडला तर आत लेट्यूसचे पाच गड्डे. नवरा म्हणाला, "ससा पाळायचा का?"

पुढचं वर्ष सोडलं. मग अर्धा वाटा घेतला, मध्ये शेत बदललं. आता सात हंगाम झाले. दर वसंतात कोणी ना कोणी नवीन आलेलं फोन करून विचारतं, 'घेऊ का गं?' त्यांना सांगते ते इथे लिहून ठेवते आहे. माझा अनुभव मॅसॅच्युसेट्सचा. तुम्ही टेक्सस-कॅलिफोर्नियात असाल तर महिने बदलतील, बाकी विचार तोच.

रतीब नव्हे, वाटा

याचं पूर्ण नाव कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर, लिहिताना सीएसए आणि बोलताना 'फार्म शेअर'. आपल्याला दुधाचा रतीब ठाऊक असतो. रोज ठरलेलं दूध, महिनाअखेर पैसे, खाडा झाला की तेवढे वजा. फार्म शेअर हा रतीब नाही, आणि निम्म्या तक्रारी तो रतीब समजल्यामुळे होतात. पैसे हंगामाआधी भरायचे आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा दर आठवड्याला आणायचा. पिकलं तर पिशवी फुगते, बुडालं तर आपलंही बुडतं. ज्यांच्या घरी अर्धेलीने शेती दिली जायची त्यांना हे चटकन कळतं, फक्त इथे जमीन आपली नसते.

पैसे आधी का? बियाणं, हरितगृह तापवायचं इंधन, माणसांचे पगार हा सगळा खर्च फेब्रुवारी ते मे या काळातला, आणि त्या महिन्यांत शेताची आवक जवळजवळ शून्य. सभासदांचे पैसे आले की तेवढं कर्ज काढावं लागत नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात शहरातली कुटुंबं आणि शेतकरी असेच थेट जोडले गेले, त्याला तिथे 'तेइकेइ' म्हणतात. अमेरिकेत साधारण त्याच सुमारास अलाबामातल्या टस्कीगीचे बुकर व्हॉट्ली हे कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ लहान शेतकऱ्यांना सांगत होते की आगाऊ वर्गणी भरणारे सभासद जमवा आणि त्यांनाच शेतावर येऊन तोडून नेऊ द्या. आजच्या नावाने चालणारी पहिली दोन शेतं १९८६ सालची: एक आमच्याच राज्यातलं, साउथ एग्रेमाँटचं इंडियन लाइन फार्म, दुसरं न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन. टेंपल-विल्टनची पद्धत मला फार आवडते. वर्षाचा अंदाजपत्रकी खर्च सभासदांपुढे मांडायचा आणि ज्याने त्याने झेपेल तेवढा आकडा बोलायचा. बहुतेक शेतं असं करत नाहीत, ती सरळ किंमत लावतात.

पायरी पहिली: कॅलेंडर काढा

भाजी आवडते की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी बघा, तुम्ही घरी आहात का? शाळेच्या सुट्ट्या लागल्या की आपली मंडळी महिना-सव्वा महिना भारतात जातात, आणि इथला हंगाम नेमका तोच. पाच आठवडे गेले म्हणजे वीस आठवड्यांच्या वाट्याचा चौथा हिस्सा गेला. काही शेतं आधी कळवलं तर ते आठवडे पुढे ढकलून दुहेरी वाटा देतात, काही देत नाहीत. 'तुमचा वाटा अन्नदानाला देऊ' हे उत्तर सगळीकडे मिळतं. चांगलंच आहे, पण ते मनात धरून पैसे भरा. मी एक वर्ष मैत्रिणीला वाटा उचलायला सांगून गेले. आले तेव्हा तिने शेतातल्या टोमॅटोंचं सार कसं झालं होतं ते फार रसाळपणे सांगितलं.

उलट, ज्या उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे इकडे येणार असतील ते वर्ष वाट्याला उत्तम. पालेभाजी निवडायला घरात आणखी दोन हात असतात. त्यांनाही दर मंगळवारी शेतावर जाणं हे इथल्या मॉलपेक्षा बरं वाटतं.

चातुर्मास पाळत असाल तर तेही बघा. कांदा, लसूण, वांगी ही इथली जुलै ते सप्टेंबरची पिकं. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी कांदेनवमीनंतर चार महिने वांगी शेजारच्या इटालियन बाईला दिली. त्या शेजारणीचं वर्ष छान गेलं.

पायरी दुसरी: मागच्या वर्षीची यादी आणि पेन्सिल

निर्णयातला खरा भाग हा. बहुतेक शेतं दर आठवड्याला सभासदांना पत्र पाठवतात आणि त्यात त्या आठवड्याच्या वाट्यात काय काय आहे ते असतं. मागच्या वर्षीची सगळी पत्रं मागून घ्या. द्यायला कां-कू करणाऱ्या शेताचा विचार सोडून द्या. मग पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे तुम्ही त्याचं काय कराल ते लिहा. 'काहीतरी करू' असं लिहायचं नाही. पदार्थाचं नाव सुचलं नाही तर फुली.

आमच्याकडे जून म्हणजे पाला: लेट्यूस, पालक, केल, स्विस चार्ड, बोकचॉय, जोडीला मुळे, छोटे पांढरे सलगम, नवलकोल आणि लसणाचे वळणदार कोवळे दांडे. जुलैत झुकिनी, काकडी, बीट, फरसबी. ऑगस्टमध्ये एकदाचे टोमॅटो, वांगी, मिरच्या, मका. सप्टेंबर-ऑक्टोबरात भोपळ्यांचे प्रकार, रताळी, गाजर, कोबी, लीक. इथे पेन्सिल अडखळते ती जूनमध्ये, आणि म्हणूनच लोक दुसऱ्या वर्षी वाटा घेत नाहीत. पैसे टोमॅटोच्या फोटोवर भरलेले असतात आणि पहिले सहा आठवडे पाला निवडावा लागतो.

पण मराठी स्वयंपाकघर पाल्याला घाबरत नाही, फक्त नावं ओळखीची नसतात. स्विस चार्ड म्हणजे पालकाचा दांडगा भाऊ. देठ बारीक चिरून आधी घाला आणि ताकातली पातळ भाजी करा, शेंगदाणे नि हरभऱ्याची डाळ घालून. मुळ्याचा आणि सलगमाचा पाला इथली माणसं तिथेच खोक्यात टाकून जातात. बेसन पेरून त्याची परतलेली भाजी करा. शेतावर मी 'तुमचा पाला मी घेऊ का' विचारून एका आठवड्यात सहा जुड्यांचा पाला आणला आहे. नवलकोलाचं काय करायचं हे आमच्या गोव्याकडच्या मैत्रिणीला शिकवावं लागलं नाही. मी मात्र किसून, दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करते. लसणाचे दांडे भाजून, खोबरं नि लाल तिखट घालून कुटले की चटणी होते. केल मला नुसती कधीच आवडली नाही. थालीपिठात जाते, तेवढंच. कोलार्डची मोठी पानं मिळाली तर वड्या करा. अळूची सर नाही, पण घसाही खवखवत नाही. बटरनट स्क्वॉश म्हणजे आपला लाल भोपळाच समजा, घारगे होतात. आणि शेपू! डिल म्हणून शेतावर हवा तेवढा तोडून घ्यायला मिळतो. घरात शेपूवाले आणि शेपूविरोधी असे दोन पक्ष असतील तर तो प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा.

काय येणार नाही तेही लिहा. मेथी, भेंडी, गवार, दुधी, कारली क्वचितच. कोथिंबीर जूनमध्ये असते आणि कडक ऊन पडलं की फुलावर येऊन संपते. कांदा-टोमॅटो आपल्याला बारा महिने लागतो, शेतातला ताजा कांदा निम्म्या हंगामानंतर येतो. म्हणजे वाटा घेतला तरी इंडियन स्टोअरची फेरी चुकत नाही. चुकेल असं धरून हिशेब करणारे फसतात.

यादीत निम्म्याहून जास्त फुल्या आल्या तर इथेच थांबा. शेतकऱ्याला मदत करायची म्हणून भाजी आणून सडवण्यात कोणाचंच भलं नाही.

पायरी तिसरी: हिशेब, पण प्रामाणिक

मी ज्या शेतात जाते तिथे अर्धा वाटा वीस आठवड्यांचा ५०० डॉलर, म्हणजे आठवड्याला २५. ही किंमत दुकानाशी ताडून बघताना एक युक्ती: यादीतल्या ज्या वस्तू तुम्ही एरवी विकत घेतल्याच नसत्या, त्यांची किंमत शून्य धरायची. जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर यांतला एकेक आठवडा घेऊन मी असं मांडलं तेव्हा जूनचे १४ डॉलर निघाले, ऑगस्टचे ३८ आणि ऑक्टोबरचे २७. सरासरी २६ च्या आसपास. थोडक्यात, ना फायदा ना तोटा, आणि वीस मिनिटं जाण्याची नि वीस येण्याची. पैसे वाचवायला म्हणून वाटा घेऊ नका. ताज्यासाठी, पोरांना मका कुठे लागतो हे दाखवायला, किंवा सकाळी तोडलेली काकडी संध्याकाळी खायला मिळते म्हणून घ्या.

एकरकमी ५०० जड जात असतील तर विचारा, बरीच शेतं तीन-चार हप्ते करून देतात. पूर्ण वाटा चार-पाच माणसांच्या, रोज दोन्ही वेळा स्वयंपाक होणाऱ्या घराला. तीन माणसांना अर्धा पुरेसा. दोघं नोकरीवाले असाल तर दुसऱ्या एखाद्या घराबरोबर अर्धा वाटून घ्या, मात्र वाटणी आलटूनपालटून पूर्ण पिशवीची करा. एकाच कलिंगडाचे दोन भाग करायला संध्याकाळी सात वाजता पार्किंगमध्ये सुरी शोधत बसलेलं कुटुंब मी पाहिलं आहे.

पायरी चौथी: शेतावर जाऊन विचारायचे प्रश्न

फोनवर विचारू नका, जा. मेमध्ये बहुतेक शेतं एखादा दिवस लोकांना बघायला उघडी ठेवतात.

सगळं इथेच पिकतं का, हे पहिलं विचारा. फळं किंवा मका शेजारच्या शेतातून आणणं यात वावगं काही नाही, सांगितलं म्हणजे झालं. पण काही कंपन्या ठिकठिकाणचा माल गोळा करून खोकं घरपोच देतात आणि त्यालाही सीएसए म्हणतात. ती सोय आहे, वाटा नव्हे. तिथे तुमच्या पैशाने कोणाचं बियाणं येत नाही.

'अर्धा वाटा' म्हणजे दर आठवड्याला लहान पिशवी की एकाआड एक आठवडा मोठी? हे शब्द प्रत्येक शेत आपल्या मनाने वापरतं. बांधलेलं खोकं मिळतं की टेबलावरून उचलायचं? उचलायचं असेल तर 'यातले कोणतेही सहा' अशी पाटी असते आणि नावडतं सोडता येतं. नवख्यांनी शक्यतो हेच निवडावं. अदलाबदलीचं खोकं आहे का, म्हणजे एक सलगम ठेवून एक काकडी उचलता येईल असं? वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी मिळतं का? हंगामभर हा प्रश्न तुम्हाला दोनदा तरी भेडसावणार.

ऑरगॅनिकबद्दल: यूएसडीएचं, म्हणजे इथल्या केंद्रीय कृषी खात्याचं, प्रमाणपत्र नसलेलं प्रत्येक शेत फवारणी करतं असं नाही. प्रमाणपत्राला पैसा आणि कागदपत्रं लागतात, लहान शेतं ते टाळतात. 'गेल्या वर्षी कशावर काय फवारलं?' असा सरळ प्रश्न विचारा. उत्तर नावानिशी आलं तर माणूस विश्वासाचा.

आणि शेवटी, 'गेल्या पाच वर्षांत सगळ्यात वाईट वर्ष कोणतं, तेव्हा सभासदांना काय मिळालं?' २००९मध्ये या भागात टोमॅटो-बटाट्यावर करपा पसरला आणि टोमॅटोची शेतंच्या शेतं गेली. २०११च्या ऑगस्टअखेर आयरीन वादळाने व्हरमाँटमधल्या आणि आमच्या राज्याच्या पश्चिमेकडच्या नदीकाठच्या जमिनी पाण्याखाली नेल्या, २०२३च्या जुलैत पुन्हा पूर आला. पुराचं पाणी ज्या भाजीला लागलं ती धुऊनही विकता येत नाही, कारण त्या पाण्यात वरच्या गावांचं सांडपाणी नि तेल सगळंच असतं. उभं, हिरवंगार पीक नांगरावं लागतं.

माझ्या पहिल्या शेताचा खालचा पट्टा एकदा असाच बुडाला. तीन आठवडे केल, लसूण आणि बीट. पैसे परत मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते, करारात तसं होतं. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. पुरापेक्षा जास्त याचा, की दोन आठवडे शेताकडून एक ओळ आली नाही आणि आम्ही रिकाम्या टेबलासमोर उभे राहून अंदाज बांधत होतो. नंतर शेत बदललं ते त्यामुळे. बुडणं वाट्यात धरलेलंच असतं, पण बुडालं हे भागीदाराला कळवायला हवं.

काम करून वाटा: व्हिसावाल्यांनी थांबा

बरीच शेतं 'वर्कशेअर' देतात. आठवड्याला तीन-चार तास खुरपणी, तोडणी, धुणं, आणि बदल्यात भाजी फुकट. एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्या जोडीदाराच्या व्हिसाच्या आधारावर येऊन, घरी बसून कंटाळलेल्या किंवा शिकायला आलेल्या मंडळींना हे सोन्यासारखं वाटतं. पण कामाच्या बदल्यात मिळालेली भाजी हाही मोबदला धरला जाऊ शकतो आणि कामाची परवानगी नसताना मोबदला घेणं अंगाशी येऊ शकतं. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पैसे भरून सभासद व्हा, मग आपल्याच वाट्यातली स्ट्रॉबेरी, चेरी टोमॅटो, फुलं तोडा.

फुलांवरून आठवलं. बऱ्याच शेतांत सभासदांना फुलांच्या ओळी खुल्या असतात. आमच्या गणपतीला गेली चार वर्षं झिनिया आणि झेंडू शेतातला. ऋषिपंचमीच्या भाजीलाही मका, भोपळा, फरसबी तिथलीच. बैलाच्या कष्टाचं नको हा नियम ट्रॅक्टरच्या देशात आपोआपच पाळला जातो, असं माझे सासरे म्हणतात. सासूबाईंना ते मान्य नाही.

त्याच भाजीसाठी एकदा वाफ्याच्या कडेला घोळ दिसला. मग डोळे उघडले: शेतकरी ज्याला तण म्हणून शिव्या देतो त्यात चाकवत आहे, माठाच्या जातीचं एक रोप आहे. विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "सगळं ने, माझी खुरपणी वाचेल." न विचारता उपटू नका, आणि ओळख शंभर टक्के पटल्याशिवाय खाऊ तर मुळीच नका. पण आई इथे असताना चाकवताची पातळ भाजी झाली त्या दिवशी तिने पुण्याला दोन फोन केले.

नको असं ठरलं तर

काहीच बिघडलं नाही. काही शेतं आगाऊ भरायचं कार्ड देतात: १०० भरले की ११० ची भाजी, शेताच्या स्टॉलवर हवी ती, हवी तेव्हा. भारतवारी करणाऱ्यांना खरं तर हेच सोयीचं. नाहीतर शनिवारच्या शेतकरी बाजारात जा आणि ज्या शेताचा वाटा मनात आहे, जूनभर त्याच्याच टेबलावरून भाजी घ्या. पुढच्या फेब्रुवारीत निर्णय आपोआप होतो.

हो असं ठरलं तर, पहिले आठवडे

कापडी पिशव्या चार न्या, एक ओल्या पाल्यासाठी वेगळी. घरी आल्या आल्या मुळा, बीट, सलगम यांचा पाला कापून वेगळा करा, नाहीतर पाला कंदातलं पाणी ओढतो आणि कंद मऊ पडतात. पालेभाजी जुन्या सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. टोमॅटो फ्रिजबाहेर. ब्रोकोली मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, हिरव्या अळ्या वर येतात, किंचाळायचं नाही. पहिले तीन दिवस पाला संपवायचा, नवलकोल, कोबी, बीट नंतर, ते थांबतात. उरलेला पालक उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, मुठीएवढे गोळे गोठवा. जानेवारीत डाळीत टाकायला बरे पडतात.

आणि फ्रिजच्या दारावर एक वही टांगा. दर सोमवारी, नवा वाटा आणण्याच्या आदल्या रात्री, काय टाकून द्यावं लागलं ते लिहायचं. ऑक्टोबरात शेत पुढच्या वर्षाची नोंदणी सवलतीत मागतं, तेव्हा उत्तर त्या वहीत असतं. माझ्या गेल्या हंगामाच्या वहीत लेट्यूस तीनदा आहे, केल दोनदा, आणि एका ओळीत नवऱ्याच्या अक्षरात 'शेपू (चुकून)'.